अक्कासाहेबांच्या खुर्च्या

नव्या घरात राहायला गेलो आणि आम्ही तिघंही हळू बोलायला शिकलो, कारण त्या घरात काहीही बोललं की ते घुमायचं. कारेलीबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आमची इतकी वर्षं गेलेली. तिथं पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि आम्ही यांच्यामधून वाट काढत आवाजाला घुमायला जागाच उरत नसे. सुभानपुऱ्यातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला मात्र चांगला लांबरुंद हॉल होता, आणि त्या हॉलमध्ये एक चटई, खोक्यावर ठेवलेला टीव्ही आणि बाबांची घडीची लोखंडी खुर्ची यापलीकडे काही नव्हतं. आईनं स्वयंपाकघरात मोहरी टाकली की ती हॉलमध्ये पुन्हा एकदा तडतडल्यासारखी वाटायची. सकाळी खाली सोसायटीतल्या स्कूटरींना किक बसू लागल्या की आमचा हॉल प्रत्येक किक मोजून दाखवायचा. बाबांना शिंक आली तर तिघंही हसायचो. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला ते घुमणं आवडायचं, पण पाहुणे आले की आईचा चेहरा पडे. चटईवर बसवायला तिला लाज वाटत नव्हती. आपल्याकडे आलेल्या म्हाताऱ्या माणसाला भिंतीचा आधार घेत खाली वाकावं लागतं, ते तिला बघवत नसे.

बाबा एरवी घाईचे नव्हते, पण सोफ्याच्या बाबतीत ते अगदी उतावीळ झाले होते. तो काळच तसा होता. बडोद्यात रोज कुठलं ना कुठलं नवं शोरूम उघडत होतं, ज्या रस्त्यावर पूर्वी फक्त सायकलींची दुकानं होती तिथं काचेआड रंगीत टीव्ही लागलेले दिसायचे, आणि बाबांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाच्या घरी सोफासेट आला होता. बाबांनीही एक बघून ठेवला होता. मरून रंगाच्या रेक्झिनचा, पाठीवर सोनेरी बटणं ठोकलेला. संध्याकाळी ऑफिसातून येताना ते वाट वाकडी करून तो बघून येत, हे मला बरंच नंतर कळलं.

शेजारच्या कोकिलाबेनकडे तसलाच होता, निळ्या मखमलीचा. त्यावरचं दुकानाचं प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. “आवो ने शैलाबेन, बेसो!” असं म्हणून त्या प्रेमानं आईला त्यावर बसवायच्या आणि लीलो चेवडो, हांडवो असं काहीबाही पुढं करायच्या. उन्हाळ्याच्या दुपारी ते प्लास्टिक अंगाला चिकटायचं आणि उठताना चर्र आवाज यायचा. एकदा घरी आल्यावर आईनं पदरानं मान पुसली आणि मला म्हणाली, “मंजू, त्या सोफ्यात माणूस बसत नाही गं, बुडतो. गुडघे हनुवटीला लागतात आणि बशी छातीवर धरावी लागते. मी असलं काही घरात आणायची नाही.”

रात्री जेवताना तिनं बाबांनाही तेच सांगितलं.

“मग काय आणायचं?” बाबांनी विचारलं.

“खुर्च्या. लाकडाच्या. जुन्या.”

“जुन्या म्हणजे लोकांनी टाकलेल्या?”

“लोकांनी वापरलेल्या.”

बाबांनी ताट पुढं ओढलं. मग भाताचं आळं करता करता म्हणाले, “शैला, आपलं स्वतःचं घर पहिल्यांदा झालंय. जन्मभर मी लोकांची पुस्तकं वापरली, थोरल्या भावाचे शर्ट वापरले. निदान बसायला तरी कोरं असावं असं मला वाटतं, यात माझं काही चुकलं का?”

हे त्यांनी भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं, म्हणून आईही भांडली नाही. शेवटी दोघांचं असं ठरलं की दिवाळीपर्यंत आईनं तिच्या मनासारख्या खुर्च्या शोधाव्यात. पाहुण्याला अभिमानानं बसवता येईल अशा मिळाल्या तर ठीक, नाहीतर मरून सोफा. आणि आई शाळेत शिकवायची, तिला वेळ कमी, म्हणून शोधायचं काम माझ्यावर आलं.

आता हे सगळं फार शहाणपणाचं वाटतं. हल्ली जुन्या फर्निचरला मान आहे, त्याला व्हिंटेज म्हणतात, आणि माझ्या नणंदेची मुलगी सांगते तसे लोक खास नव्या खुर्च्यांना खरवडून जुन्या करतात. तेव्हा तसं काही नव्हतं. जुनं लाकूड म्हणजे ज्याला नवं परवडत नाही त्याची वस्तू. कॉलेजातल्या मैत्रिणी सिनेमाला जायच्या आणि मी शुक्रवारच्या बाजारात फाटक्या आरामखुर्च्यांसमोर उकिडवी बसलेली असायचे, हे मी त्यांना सांगत नसे.

बाजारात फार काही हाती लागलं नाही. पण तिथूनच मला रजाकभाईंच्या गोदामाचा पत्ता मिळाला. मांडवीजवळच्या एका गल्लीत, बाहेरून ओळखू येणार नाही अशा दाराआड ते होतं. आत शिरलं की पॉलिशचा, स्पिरिटचा आणि बंद लाकडाचा असा वास यायचा की डोकं हलकं व्हायचं. छतापर्यंत खुर्च्या, एकीत एक अडकवलेल्या, पाय वर करून. शाळांच्या, पेढ्यांच्या, कचेऱ्यांच्या, बंगल्यांच्या. बडोद्यात संस्थानाच्या काळी जी जी माणसं मोठ्या हुद्द्यांवर होती, त्यांची मुलंनातवंडं आता अमेरिकेला नाहीतर पुण्या-मुंबईला निघाली होती आणि मागची घरं रिकामी करताना आधी खुर्च्या बाहेर यायच्या. “जूनुं एटलुं सोनुं, बेटा,” रजाकभाई म्हणायचे, आणि मग लगेच त्या सोन्याची किंमत दुप्पट सांगायचे. बशीत ओतलेला चहा मात्र न मागता मिळायचा.

पहिली खुर्ची मी तिथूनच घेतली. हातांवर सिंहाची तोंडं कोरलेली, पाठीवर वेलबुट्टी, दारातून आणतानाच कोकिलाबेन “अरे वाह!” म्हणाल्या. मी दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्या खुर्चीत बसून मोजे घालत होते, तर मागचा पाय कडकन मोडला आणि बाबा हातात एक मोजा धरून फरशीवर. लागलं नव्हतं. ते उठले, पँट झटकली आणि शांतपणे म्हणाले, “बरं झालं मीच होतो. पाहुणा असता तर?”

मी रडवेली झाले. बाबा ऑफिसला गेल्यावर ती खुर्ची गॅलरीत उन्हात नेली आणि पहिल्यांदाच उलटी केली. वरून इतकी देखणी असणारी ती खुर्ची खालून अगदी भिकार होती. पोखरलेल्या पायात भुसा आणि सरस भरून, वरून खिळे मारून गडद रंग फासला होता. रंगाचे ओघळ आतपर्यंत गेले होते. सिंहाच्या तोंडांकडे बघत बसले नसते तर ते मला दुकानातच दिसलं असतं. रजाकभाईंनी कुरकुर न करता ती परत घेतली, पण घरात आता सोफ्याचं पारडं जड झालं, असं मला वाटलं. संध्याकाळी बाबांनी विषय काढला, तेव्हा आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “पुढचीही मंजूच निवडेल.”

“अजून?”

“हो. मोडकी खुर्ची कशी असते ते आपल्या तिघांत फक्त तिलाच माहीत आहे.”

माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकल्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या एका वाक्यावर मी पुढं काय काय केलं! दिसेल ती खुर्ची उलटी करायला लागले. कॉलेजच्या वाचनालयातली, दवाखान्यातली, आईच्या शाळेत हेडबाईंच्या खोलीतलीसुद्धा. जुनी सागवानी खुर्ची उचलली की हाताला वजन कसं लागतं, शिसवी कशी त्याहून जड लागते, लाकडात लाकूड बसवलेला सांधा आणि खिळ्यानं जोडलेला सांधा यांच्या कुरकुरण्यात काय फरक असतो, हे हळूहळू कानाला आणि हाताला कळायला लागलं. आजही ओळखीतलं कुणी जुन्या खुर्च्या घ्यायला निघालं की मला फोन येतो. मी सांगते, आधी उलटी करा, नक्षी नंतर बघा. सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात दाबा, डुगडुगते का पाहा. वेताची वीण फाटलेली असली तर घाबरू नका, ती पुन्हा विणून मिळते, पण सांगाडा ढिला असेल तर हात जोडून परत या. आणि मुख्य म्हणजे बसा. दुकानदार घाई करतो म्हणून उठू नका. एक कप चहा पिऊन होईपर्यंत बसा. पाय जमिनीला टेकतात का, कोपराला आधार मिळतो का, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला कुणाचा हात न धरता तिच्यातून उठता येईल का, एवढं बघा. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही, आणि ते सांगताना मला थोडी ऐट वाटते, हेही खरंच.

दिवाळी जवळ आली. घरात चकलीच्या भाजणीचा वास सुटला होता आणि हॉल अजून तसाच घुमत होता. एका संध्याकाळी आईला घेऊन मी रजाकभाईंकडे गेले. माझ्या मनात एक साधं बाक होतं, तिला दाखवायचं होतं. रजाकभाईंनी ते दाखवलं, पण ते स्वतःच नाराज दिसत होते. म्हणाले, खरा माल तर अलकापुरीत आहे. एक बंगला बिल्डरला गेलाय, महिन्याभरात पडणार. आत जेवणघरातल्या वेताच्या सहा खुर्च्या आहेत, एकसारख्या, “पण डोशी, घरची म्हातारी, दलालांना दारात उभं करत नाही, बेन. मला दोनदा हाकललं.”

“कुठला बंगला?” आईनं विचारलं.

“पेलो हाथीवाळो. फाटकाशी दगडाचे दोन हत्ती आहेत ना, तो.”

आईनं हातातली चहाची बशी खाली ठेवली. बाकाकडे तिनं पुन्हा पाहिलंच नाही. वाटेत रिक्षात ती एवढंच म्हणाली, “उद्या शाळेला सुट्टी आहे. आपण जाऊन येऊ.”

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतली हिरवी नारायणपेठ नेसली, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं. बंगल्यात आवराआवर चालली होती. व्हरांड्यात खोकी, भिंतींवर तसबिरी काढल्याचे फिकट चौकोन, आतल्या कुठल्याशा खोलीत खिळे ठोकल्याचे आवाज. जेवणघरात खिडकीशी वेताच्या एका बुटक्या मोड्यावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. उंच, सुरकुतलेल्या, पांढरीशुभ्र साडी, आणि समोरच्याला उन्हात धरल्यासारखं पाहणारे डोळे. या अक्कासाहेब. त्यांचे यजमान केव्हाच गेले होते, मुलं परदेशात होती, आणि त्या आता जवळच्याच एका इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या.

“दलाल आहात का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “आमच्या घरी बसायला हव्यात.”

“बसायला? खरंच? काल एक हॉटेलवाला आला होता. म्हणे दाराशी शोभेला ठेवतो, दोरी बांधून, कुणी बसणार नाही. म्हटलं, चालता हो. ज्यावर कुणी बसायचं नाही ती खुर्ची कसली!” मग मला म्हणाल्या, “बघ. बघून घे.”

त्या सहा खुर्च्या टेबलाभोवती असाव्यात तशा मांडलेल्या होत्या. टेबल आधीच कुणीतरी नेलं होतं, त्यामुळे मधल्या रिकाम्या जागेभोवती त्या पंगतीला बसल्यासारख्या वाटत होत्या. नक्षी जवळजवळ नाहीच. पाठ किंचित मागं झुकलेली, वेताचं बारीक विणकाम मधासारख्या रंगावर आलेलं, एकदोन ठिकाणी फाटलेलं, हातांचं लाकूड इतक्या तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेलं की पॉलिशची गरजच नव्हती. मी पहिली खुर्ची उचलली आणि उलटी केली.

“अगं अगं! या घरात खुर्ची अशी उताणी कुणी केलेली मी पाहिली नाही,” अक्कासाहेब म्हणाल्या.

“खालून कशी आहे ते बघतेय.”

“मग, कशी आहे?”

मी सहाही उलट्या करेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हटलं, “पाच अस्सल आहेत. या सहावीचा मागचा पाय नंतर बसवलाय. लाकूड सागवानीच आहे, काम चांगलं आहे, पण रेषा उलट्या जातायत.”

अक्कासाहेब मोड्यावरून पुढं झुकल्या. “माझ्या धाकट्यानं मोडला होता तो पाय. घरात क्रिकेट खेळून. गेल्या कितीतरी वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बस, बसून दाखव आता.”

मी बसले. पाय टेकले, पाठ टेकली, आणि मला उठावंसं वाटेना. मी आईला हाक मारायला मान वळवली, तर आई अजून आलीच नव्हती. म्हणजे खोलीत होती, पण लांब, आत स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या दाराच्या चौकटीला लागून उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. शाळेत तीन-तीन वर्ग एका आवाजात गप्प करणारी माझी आई अशी उभी असलेली मी कधी पाहिली नव्हती.

अक्कासाहेबांचीही नजर तिकडे गेली आणि तिथंच थांबली. “तू त्या दाराशी का उभी आहेस?” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज बदलला. “थांब. तू... काकूंची शैली ना?”

“हो,” आई म्हणाली.

माझी आजी, म्हणजे आईची आई, अकाली वैधव्य आल्यावर एका मोठ्या घरी स्वयंपाकाला जात असे, हे मला माहीत होतं. ते घर हे, हे माहीत नव्हतं. आजीला मी पाहिलेलं नाही. अक्कासाहेब मात्र भरभरून बोलायला लागल्या. काकूंच्या हातच्या साटोऱ्या, काकूंचा वांगीभात, काकू गेल्या तेव्हा त्या स्वतः कशा परगावी होत्या. आई हो हो म्हणत होती. मग अक्कासाहेबांनी खुर्च्यांकडे हात केला. “अगं, मग आधी सांगायचं नाही का? घेऊन जा सगळ्या. तुझ्याकडून पैसे कसले घ्यायचे? तू काय परकी आहेस? आमच्या घरचीच तू.”

मला तर आनंदानं उडीच मारावीशी वाटली. पण आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “नाही अक्कासाहेब. मी विकत घ्यायला आलेय.”

“अगं, पण मी देतेय ना प्रेमानं.”

“ते मला कळतंय. पण अशा नाही नेता येणार मला.”

आतले खिळे ठोकल्याचे आवाज तेवढ्यात थांबले होते. अक्कासाहेबांच्या चेहऱ्यावर थोडा राग आला, निदान मला तसं वाटलं. त्यांना कुणी नाही म्हणायची सवय नसावी. “आणि मी विकणारच नाही म्हटलं तर?”

“तर मग आम्ही सोफा घेऊ,” आई म्हणाली. “मरून रंगाचा आहे. यांना फार आवडलाय.”

अक्कासाहेब इतक्या मोठ्यानं हसल्या की मोड्यावरून कलंडतात की काय असं वाटलं. डोळे पुसत म्हणाल्या, “मग उभ्यानं काय भाव करतेस? उभ्यानं कधी भाव होतो का? बस.”

आई चौकटीपासून सुटली. हळूहळू चालत आली, माझ्या शेजारची खुर्ची तिनं हातानं थोडी मागं ओढली आणि ती बसली. नीट, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. आणि मग जो भाव झाला तो काय सांगू! अक्कासाहेबांनी आकडा सांगितला, आईनं त्याचा निम्मा सांगितला. अक्कासाहेबांनी सागवान काढलं, आईनं फाटलेली वीण काढली. अक्कासाहेब घराण्यावर गेल्या, आई सहाव्या खुर्चीच्या पायावर गेली, “माझ्या मुलीनंच तुमच्यासमोर दाखवलंय.” माझ्या मुलीनं, हे शब्द तिनं ज्या सुरात उच्चारले तो सूर मी अजून जपून ठेवला आहे. “अगदी आईवर गेलीस,” अक्कासाहेब म्हणाल्या, “काकू भाजीवाल्याशी असाच घोळ घालायच्या.” दोघींच्याही गालांना रंग चढला होता. शेवटी सौदा ठरला, आईनं पर्स उघडून पैसे दिले, अक्कासाहेबांनी ते बघून घेतले आणि आम्हाला पाणी आणि गूळ-शेंगदाणे दिले.

खुर्च्या न्यायला एक उघडा टेंपो मिळाला. पुढं एकालाच जागा होती आणि सुतळीनं बांधलेल्या खुर्च्यांना एकटं सोडायला आई तयार होईना, म्हणून आम्ही दोघी मागंच चढलो. उभं राहिलं तर तोल जात होता. आईनं एक खुर्ची सरळ केली आणि तिच्यात बसली. मीही समोरच्या खुर्चीत बसले. आणि अशा आम्ही अलकापुरीतून रेसकोर्सच्या बाजूनं सुभानपुऱ्यापर्यंत आलो, दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीतून, चढत्या दुपारी, हिरव्या नारायणपेठेत खुर्चीवर ताठ बसलेली माझी आई आणि समोर मी. सर्कलपाशी तिच्या शाळेतल्या मुली पाणीपुरी खात उभ्या होत्या. त्यांनी “बाई! बाई!” असा एकच गलका केला. एरवी आई लाजून खाली बघती. त्या दिवशी तिनं हात वर केला आणि सगळ्यांना दिसेल असा हलवला.

तिथून पुढं गेल्यावर तिनं मला सांगितलं. ती लहान असताना, शाळा सुटली की आजीचं काम संपेपर्यंत त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. एकदा जेवणघरात कुणी नव्हतं आणि ती एका खुर्चीवर चढून बसली. पाय लटकत होते, वेताच्या भोकांत बोटं घालून ती खेळत होती. तेवढ्यात त्या घरच्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी तिला दंडाला धरून खाली ओढलं, आणि मग तिच्यासमोर आजीला ओलं फडकं आणायला लावून ती खुर्ची पुसून घेतली.

“कोणती खुर्ची होती?” मी विचारलं.

“आता काय सांगू? सहाही सारख्याच आहेत.”

“आणि अक्कासाहेब? त्या होत्या का तेव्हा?”

“होत्या ना. घरच्या सूनबाई. तिथंच भिंतीशी उभ्या होत्या.”

“त्या काही बोलल्या नाहीत?”

“त्या काय बोलणार गं? सासूसमोर त्यांना तरी कुठं बसायला होतं?”

टेंपो खड्ड्यातून गेला, आम्ही दोघींनी खुर्च्यांचे हात घट्ट धरले. मी थोड्या वेळानं विचारलं, “म्हणून तुला इतक्या जुन्या खुर्च्या हव्या होत्या?”

“छे,” आई म्हणाली. “सोफ्यात माझी कंबर दुखते.”

बाबा दारातच उभे होते. एकेक खुर्ची वर येत गेली तसे ते प्रत्येकीला हात लावून बघत होते. सगळ्या मांडून झाल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बाबा, सहाही उलट्या करून बघितल्यात. बसा.” ते जपून बसले, मग जरा सैल झाले, मग डोकं मागं टेकवलं. टेंपोत मला सांगितलेलं सगळं आईनं त्यांनाही सांगितलं. ऐकता ऐकता ते उठले, दुसऱ्या खुर्चीवर बसले, मग तिसऱ्या, असं करत सहाही खुर्च्यांवर बसून झालं. शेवटी म्हणाले, “कोऱ्या नाहीत, पण आपल्या आहेत.” बोलले आणि चमकून वर पाहिलं. आवाज घुमला नव्हता.

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं. कोकिलाबेन रोज सकाळी भाजी निवडायला आमच्याकडे येऊ लागल्या, त्यांच्या सोफ्यावर ताट ठेवायची सोय नव्हती. फाटलेली वीण बाबांनी स्वतः उत्साहानं विणवून आणली. मरून सोफ्याचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी आईनं अक्कासाहेबांना बोलावलं. फोनवरून, जरा घाबरतच. त्या रिक्षानं आल्या, तीन जिने काठी टेकत चढल्या, दारात दम घेत उभ्या राहिल्या. आम्ही तिघंही उभे. त्यांनी आपल्या सहा खुर्च्यांवरून नजर फिरवली. त्यांच्या जेवणघरात त्यांची ठरलेली जागा असणार, टेबलाच्या टोकाची. इथं कुठलंच टोक नव्हतं. “मी कुठं बसू?” त्यांनी विचारलं.

“कुठंही बसा,” आई म्हणाली. “सगळ्या आमच्याच आहेत.”

अक्कासाहेबांनी मान हलवली आणि जवळची खुर्ची घेतली. आई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. बाबांनी कोपऱ्यावरच्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, शेव-उसळ आणली होती. अक्कासाहेबांनी ती जन्मात खाल्ली नव्हती. जन्म बडोद्यात गेला, पण लारीवरचं काही त्या घरात येत नसे. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी पाव बुडवला, आणखी तर्री मागितली. वाढायला मी होते, बाबा होते. त्या दुपारी आई एकदाही उठली नाही. दोघी खुर्चीच्या हातांवर कोपरं टेकवून आजीबद्दल, शाळेबद्दल, नव्या इमारतीतल्या बंद पडणाऱ्या लिफ्टबद्दल बोलत राहिल्या.

ऊन उतरल्यावर अक्कासाहेब निघाल्या. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, कुणाचाही हात न धरता उठल्या. आई त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेली आणि म्हणाली, “पुन्हा या हं.”

“येणार म्हणजे काय, येणारच,” त्या म्हणाल्या. “मुलानं मला सोफासेट पाठवलाय. त्यात बसले की दोन माणसं लागतात उठवायला.”